गाडीतला ॲम्प बिघडला: दुरुस्ती की नवा?

दिवाळीच्या आधी भाच्याचा चिंचवडहून फोन आला. "मामा, ॲम्प गेला. लाल दिवा लागतो, आवाज काहीच नाही. दुकानवाला म्हणतोय नवाच टाका." (ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर: डेकचा, म्हणजे गाडीतल्या म्युझिक प्लेअरचा, आवाज मोठा करून स्पीकरला देणारी पेटी.) नेमकं त्याच आठवड्यात माझ्या गाडीतला ॲम्पही फ्यूज उडवून गप्प बसला होता. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांचा ॲम्प तर महिनाभर 'मधूनच बंद, मधूनच चालू' असा खेळ करत होता. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांशेजारी माझ्या टेबलावर तीन ॲम्प उघडे पडले होते, त्यामुळे घरात काय ऐकावं लागलं ते सांगत नाही.

तिघांचे निकाल तीन लागले. माझा दुरुस्त झाला, भाच्याच्या जागी नवा आला, आणि काकांच्या ॲम्पमध्ये बिघाड नव्हताच. दुरुस्ती की नवा, हा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी हे तिन्ही शेजारी शेजारी मांडतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: ॲम्प किती महागाचा होता, यावर हा निर्णय घेऊ नका. पेटीच्या आत नेमकं काय जळलंय, आणि ते मुळात पेटीच्या आत जळलंय का, यावर घ्या.

ॲम्पच बिघडलाय हे कशावरून?

काकांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचे पैसे सर्वांत आधी वाया जाणार होते. आवाज कमी ठेवला की सगळं ठीक. आवाज वाढवून जरा बेस आला की ॲम्प टपकन बंद, दोन सेकंदांनी परत चालू. एका दुकानात 'ॲम्प वीक झालाय' असं निदान झालं होतं आणि नव्याचा भावही ठरला होता.

कोणत्याही ॲम्पला जिवंत राहायला तीन तारा लागतात: बॅटरीची प्लस, बॉडी अर्थ (गाडीच्या लोखंडाला जोडलेली मायनस), आणि डेककडून येणारी रिमोट, म्हणजे ॲम्पला 'चालू हो' सांगणारी तार. मल्टिमीटरचा काळा टोक ॲम्पच्या अर्थच्याच स्क्रूवर ठेवायचा, गाडीच्या दुसऱ्या कुठल्या लोखंडावर नाही. मग लाल टोक आधी प्लसवर, नंतर रिमोटवर. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. डेक चालू केल्यावर रिमोटवरही जवळपास तेवढेच व्होल्ट दिसायला हवेत. रिमोटवर काहीच नसेल तर ॲम्प 'मेलेला' दिसतो, पण खरं म्हणजे त्याला कोणी उठवलेलंच नसतं.

काकांच्या गाडीत शांत असताना १२.५ व्होल्ट होते. सगळे इथेच फसतात. मीटर लावून ठेवला आणि काकांना आवाज वाढवायला सांगितला. बेसच्या प्रत्येक ठोक्याला काटा, म्हणजे आकडा, ९.८ पर्यंत कोसळत होता. ॲम्प बिचारा स्वतःला वाचवायला बंद होत होता. मग लाल टोक बॅटरीच्या मायनसवर आणि काळा ॲम्पच्या अर्थवर ठेवून तोच ठोका वाजवला. ही दोन ठिकाणं कागदावर एकच आहेत, मध्ये फक्त गाडीचं लोखंड आहे. तिथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थमध्ये गोची आहे असं मी धरतो. काकांकडे दोन व्होल्टच्या वर दिसले. कारण सापडायला पाच मिनिटं लागली: बसवणाऱ्याने अर्थची तार सीटच्या रुळाच्या एका रंगवलेल्या बोल्टखाली दाबली होती. रंग हा विजेचा शत्रू. पॉलिशपेपरने लोखंड चकचकीत केलं, तारेच्या टोकाला नीट लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबला, दातेरी वॉशर घातला, वरून थोडं ग्रीस फासलं. खर्च पंधरा-वीस रुपये. अर्थसाठी सीटबेल्टचा बोल्ट मात्र कधीही वापरू नका. तो तुमचा जीव धरून ठेवायला आहे.

प्लसच्या बाजूलाही हीच परीक्षा घेता येते: बॅटरीची प्लस आणि ॲम्पची प्लस यांच्यात, आवाज चालू असताना, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. फरक जास्त निघाला तर तारेवरचा रबर थोडा सोलून पाहा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या वायरिंग किटांत तार बाहेरून तांब्याची आणि आतून ॲल्युमिनियमची असते. चाकूने खरवडली की पांढरी पडते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून त्याच जाडीत ती कमी करंट वाहते. शिवाय लगमध्ये दाबलेलं टोक काही वर्षांत गंजून ढिलं होतं. अशा तारेवर नवा ॲम्प लावलात तर तोही सहा महिन्यांत 'वीक' होईल.

फ्यूज डोळ्यांनी पाहून 'ठीक आहे' म्हणू नका. काढून मीटरच्या बीपवर तपासा (दोन टोकांमध्ये वीज जात असेल तर मीटर वाजतो). आणि ॲम्पच्या पेटीवरचा फ्यूज निराळा, बॅटरीजवळच्या तारेतला निराळा. बॅटरीपासून हातभराच्या आत दुसरा फ्यूज नसेल तर ॲम्पचा विचार नंतर, आधी तो बसवा. ती तार बॉनेटखाली कुठे घासली तर गाडीच पेटू शकते.

लाल दिवा लागला तर

भाच्याचा प्रकार हा होता. प्रोटेक्टचा लाल दिवा म्हणजे ॲम्प ओरडून सांगतोय: काहीतरी शॉर्ट आहे, फार गरम झालंय, किंवा माझ्या आउटपुटवर जे नको ते व्होल्टेज आलंय. पण कोणतं, ते सांगत नाही. ते आपण शोधायचं.

ॲम्पला लावलेल्या सगळ्या स्पीकर तारा काढा. आरसीए पिनाही (डेककडून आवाज आणणाऱ्या तारांच्या) काढा. फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट ठेवून चालू करा. दिवा हिरवा झाला तर ॲम्प बहुधा ठीक आहे आणि भानगड तारांत किंवा स्पीकरात आहे. मग एकेक स्पीकर परत लावत जा. ज्याच्यावर दिवा लाल होतो, तो चोर. दारातल्या स्पीकरची तार बिजागरीजवळ घासून बॉडीला चिकटलेली असते, असं मला जुन्या गाड्यांत अनेकदा सापडलंय. स्पीकर मीटरवर मोजला तर चार ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.७ ओहम दाखवतो. अर्धा-एक ओहम दाखवला तर कॉइल जळून चिकटली आहे, काहीच नाही दाखवला तर तुटली आहे.

स्पीकर आणि आरसीए काढूनही लाल दिवा तसाच राहिला, किंवा फ्यूज लगेच उडाला, तर मात्र पेटी उघडायला लागणार. भाच्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही ॲम्पची इथपर्यंत गत सारखीच होती.

एका चॅनेलचा (ॲम्पच्या एका स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेचा) आवाज फाटतो किंवा येत नाही, हा मधला प्रकार. डावी-उजवी आरसीए अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर डेक किंवा पिनची तार दोषी, जागेवरच राहिला तर ॲम्प किंवा स्पीकर. मग स्पीकरांची अदलाबदल करा. यात मीटरही लागत नाही. इंजिनाचा वेग वाढवला की स्पीकरातून 'वीऽऽ' असा आवाज येत असेल तर ॲम्पला दोष देऊ नका. तो बहुतेक वेळा अर्थचा किंवा पॉवरच्या तारेशेजारून नेलेल्या आरसीएचा दोष असतो.

एक परीक्षा मात्र चुकवू नका. स्पीकर न लावता, आवाज शून्य ठेवून, ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर चालतंय. एक-दोन व्होल्ट किंवा जास्त दिसले तर त्या चॅनेलचा ट्रान्झिस्टर गेलाय, आणि तिथे लावलेला कोणताही चांगला स्पीकर तो भाजून काढेल. 'जरा लावून तर बघू' म्हणून सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) जाळलेले लोक मी पाहिलेत.

आता दोन पेट्या शेजारी शेजारी

माझा ॲम्प जुना, चार चॅनेलचा, क्लास एबी जातीचा. वजन चार किलोच्या आसपास, वर पंखांसारखं ॲल्युमिनियम, प्रत्येकी २५ अँपिअरचे दोन फ्यूज. भाच्याचा क्लास डी, सीटखाली मावणारा, हातात घेतला तर मोबाईलच्या खोक्याएवढा हलका. क्लास एबीत घेतलेल्या विजेची साधारण निम्मी उष्णता होऊन जाते, क्लास डीत ८० ते ९० टक्के आवाजाकडे जाते. म्हणून जुना ॲम्प मोठा आणि अवजड, नवा लहान आणि थंड. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने नवाच शहाणा. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र हिशोब उलटा पडतो.

| | माझा जुना क्लास एबी | भाच्याचा छोटा क्लास डी |
|---|---|---|
| आतले पार्ट | मोठे, पायांचे, नंबर वाचता येणारे | बारीक, बोर्डाला चिकटलेले |
| काय गेलं होतं | पॉवर सप्लायचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) | पाण्याने कुरतडलेला बोर्ड, कंट्रोल चिप |
| पार्ट मिळतो का | कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्स गल्लीत | चिपवरचा नंबरच घासलेला |
| लागलेली हत्यारं | जाड सोल्डरिंग आयर्न, मीटर | हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र), भिंग, आणि नशीब |
| निकाल | दुरुस्त, चौदाशे रुपयांत | नवा, साडेआठ हजारांना |

तक्त्यात निकाल सरळ दिसतो. टेबलावर तो इतका सरळ नव्हता.

कारच्या ॲम्पच्या आत दोन विभाग असतात, आणि सगळा निर्णय त्यांच्याभोवती फिरतो. पहिला पॉवर सप्लाय. १२ व्होल्टवर मोठा आवाज काढता येत नाही, म्हणून मॉस्फेटांच्या दोन फळ्या बॅटरीचा करंट एका सेकंदात हजारो वेळा उलटसुलट कापून गोल कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरला देतात. पलीकडे प्लस आणि मायनस, प्रत्येकी पंचवीस-तीस व्होल्ट किंवा त्याहून जास्त, तयार होतात. या कापाकापीची ताल धरणारी चिप बहुतेक जुन्या ॲम्पमध्ये टीएल४९४ किंवा तिची जुळी केए७५०० असते. दुसरा विभाग आउटपुटचा, जो त्या व्होल्टेजवर तुमचं गाणं स्पीकरला देतो.

स्पीकर न लावताच फ्यूज उडतो, तेव्हा संशय आधी सप्लायच्या मॉस्फेटांवर जातो. आयआरएफझेड४४एन किंवा आयआरएफ३२०५ असा नंबर असेल तर नशीबवान समजा, कारण हे पार्ट पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. मीटर बीपवर ठेवून मधल्या आणि शेवटच्या पायावर टोकं लावायची, मग टोकं उलटी करून परत. दोन्हीकडून बीप झाला तर शॉर्ट. माझ्या ॲम्पमध्ये एका फळीतले तिन्ही बीप करत होते. म्हणजे तिन्ही गेले का? नाही. तिघे समांतर जोडलेले असतात, एक गेला की तिघांवर बीप येतो. एकेकाचा पाय उचलून पाहिल्यावर एकच मेलेला निघाला. तरीही बदलले सहाच्या सहा. एकाच बॅचचे, एकदम. एक नवा आणि पाच म्हातारे यांची जोडी जमत नाही. नवा वेगाने उघडतो, भार त्याच्यावर पडतो, आणि तो महिन्याभरात जातो. त्यांच्या गेटला (मॉस्फेट उघडणाऱ्या पायाला) असलेले छोटे रेझिस्टरही मोजायला हवेत. मॉस्फेट फुटताना तो झटका मागे जातो आणि तेही करपतात. घाईत दुरुस्त केलेला ॲम्प 'परत तोच प्रॉब्लेम' घेऊन येतो तो इथे.

आणखी एक शक्यता असते, आणि ती कळली तर पैसे वाचतात. बॅटरी काढून लावताना प्लस-मायनस उलटी लागली तर ॲम्पच्या दारातच बसलेला एक डायोड शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि आतला संसार वाचवतो. तो एक डायोड बदलला की काम झालं. अशा ॲम्पसाठी कोणी चार हजार सांगितले तर चहा पिऊन निघा.

पहिल्यांदा चालू करताना फ्यूजच्या जागी गाडीच्या हेडलाइटचा एच४ बल्ब लावायची युक्ती जुनी आहे आणि अजून उत्तम आहे. शॉर्ट उरला असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि नवे मॉस्फेट वाचतात. शॉर्ट नसेल तर क्षणभर चमकून मंदावतो. बल्ब लावून मोठ्याने गाणं वाजवू नका म्हणजे झालं. आणि मॉस्फेट हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमला) पट्टीने घट्ट दाबल्याशिवाय अर्धा मिनिटही ॲम्प चालवू नका. मधली अभ्रकाची किंवा रबराची पट्टीही विसरू नका, नाहीतर हीटसिंकच शॉर्ट होईल. 'फक्त बघायला' चालू करून नवे पार्ट पुन्हा उडवण्याचा मान मी एकदा मिळवलेला आहे.

माझ्या मॉस्फेटचं मूळ कारणही सांगितलं पाहिजे, कारण ते मीच होतो. दोन कॉइलचा सबवूफर, प्रत्येक कॉइल चार ओहमची, मी समांतर जोडून दोन ओहम केला आणि तो दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे दोघांची ताकद एकत्र जोडून, चालवला. ब्रिजमध्ये कमीत कमी चार ओहम, असं पेटीवरच लिहिलं होतं. दोन ओहम ब्रिजला लावले की प्रत्येक चॅनेलला एक ओहम लावल्यासारखं होतं. दोन वर्षं बिचाऱ्याने ओढलं. आता दोन्ही कॉइल एकापाठोपाठ एक जोडून आठ ओहम केलेत. आवाज थोडा कमी, पण ॲम्प कोमट राहतो.

आणि भाच्याचा

झाकण उघडलं तेव्हाच वास आला. बोर्डाच्या कोपऱ्यात हिरवट पांढरी बुरशी, सोल्डरचे ठिपके काळे. गाडी पुराच्या पाण्यात गेली नव्हती. पावसाळ्यात एसी सतत चालतो, एसीच्या पाण्याचा निचरा करणारी नळी कचऱ्याने तुंबली, आणि पाणी बाहेर न पडता डाव्या बाजूच्या पायाखालच्या गालिच्यात साचत गेलं. ॲम्प त्याच गालिच्यावर, सीटखाली. हा प्रकार हॅचबॅक गाड्यांत सर्रास होतो. सीटखाली ॲम्प असेल तर पावसाळ्यात एकदा गालिचा हाताने दाबून पाहा, आणि ॲम्पखाली बोटभर उंचीची फळी ठेवा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड धुतला, दोन दिवस वाळवला. कधीकधी एवढ्याने ॲम्प उठतो, खरंच. हा नाही उठला. कंट्रोल चिपच्या दोन पायांखालचं तांबं पाण्याने खाऊन टाकलं होतं, आणि चिपवरचा नंबर उत्पादकानेच घासून टाकलेला. एका कारागिराने 'डेड बोर्डावरची चिप काढून बघतो' म्हटलं. मी नको म्हणालो. बोर्डाचे थर आत कुठे गंजलेत हे कोणालाच दिसत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तो परत टेबलावर आला असता.

समजा भाच्याचा ॲम्प पाण्याने नाही, नुसत्या स्पीकरच्या शॉर्टने गेला असता. तर मी दुरुस्तीला दिला असता का? हॉट एअर असलेला माणूस ओळखीचा असता तर दिला असता. नाहीतर नाही. आणि माझा जुना ॲम्प पाण्यात भिजला असता तर? तो मी धुऊन पुन्हा उभा केला असता, कारण त्याच्यातली प्रत्येक वाट डोळ्यांना दिसते.

स्वतः की कारागीर

वर सांगितलेल्या बाहेरच्या सगळ्या तपासण्या स्वतः करा. त्यासाठी हजाराच्या आतला मीटर पुरतो, आणि तो घरात पुढे दहा कामांना येतो. पेटीच्या आतलं काम मात्र प्रत्येकाचं नाही. मॉस्फेटांचे पाय तांब्याच्या जाड पट्ट्यांना सोल्डर केलेले असतात, त्या सगळी उष्णता पिऊन टाकतात. २५ वॅटचा आयर्न लावून ओढाताण केली की पट्टी बोर्डावरून उपटून येते आणि दुरुस्त होणारा ॲम्प भंगारात जातो. माझ्याकडे त्या दिवशी जाड आयर्न नव्हता, म्हणून कुठले पार्ट गेलेत हे शोधून मी पेटी बुधवार पेठेतल्या एका माहितगार कारागिराकडे नेली.

कारागीर निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. एक, तो पेटी उघडायच्या आधी 'स्पीकर किती ओहमचे, कसे जोडलेत' असं विचारतो का. जो हे विचारत नाही तो फक्त पार्ट बदलणार, कारण शोधणार नाही. दोन, काढलेले पार्ट परत देतो का. आउटपुटचे ट्रान्झिस्टर, विशेषतः लोकप्रिय नंबरांचे, बाजारात नकली खूप फिरतात. नंबर घोटून दुसरा छापलेले. खऱ्याच्या निम्म्या भावात मिळत असेल तर तो खरा नाही. चांगला कारागीर जरा महाग पार्ट लावतो आणि महिनाभराची हमी तोंडी का होईना देतो.

नवा घ्यायचा ठरलं तर

खोक्यावरचे '२००० वॉट' वाचायचे नाहीत, फ्यूज वाचायचा. ३० अँपिअरचा फ्यूज, गाडीचे १४.४ व्होल्ट, म्हणजे आत जाणारी वीज साधारण ४३२ वॉट. क्लास डीचे ८५ टक्के धरले तर बाहेर ३६७ वॉट, सगळे चॅनेल मिळून. ठोक्यापुरतं थोडं जास्त निघेल, पण २००० कुठून येणार? माझ्या जुन्यालाही ही परीक्षा लावली तर ५० अँपिअर, १३.८ व्होल्ट आणि ५५ टक्क्यांनी ३८० वॉटच्या आसपास येतात. म्हणजे ३० अँपिअरचा तो क्लास डी आणि माझा जुना, दोन्ही ताकदीला जवळपास सारखेच. २००३ साली आलेला सीईए-२००६ हा मापाचा नियम ॲम्पवर लिहिलेला असेल तर आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्यात १४.४ व्होल्टवर, चार ओहमच्या भारावर, एक टक्क्याच्या आत विकृती ठेवून सतत किती वॉट मिळतात ते मोजायचं असतं.

भाच्यासाठी घेतला तो चार चॅनेलचा, प्रत्येकी ७५ वॉटच्या आसपासचा, नाव असलेल्या कंपनीचा, एक वर्षाच्या हमीचा. बसवताना कंपनीच्या तारा न कापता कपलर (मधे बसणारे जोड) वापरायला लावले, नाहीतर गाडीच्या वायरिंगची वॉरंटी गेलीच म्हणून समजा. जागा मात्र बदलली. आता तो डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला, उभा. उलटा कधी लावू नका, पंखांना वर हवा लागते.

जुना बाजार किंवा ऑनलाइन सेकंडहॅंडचा मोह मलाही होतो. भारी कंपनीचा जुना क्लास एबी निम्म्याहून कमी किमतीत मिळाला तर तो मी घेईन. पण समोर १२ व्होल्टवर चालवून, स्पीकर लावून, टर्मिनलवर डीसी मोजून. स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली किंवा आत पिवळट फ्लक्सचे (सोल्डर करताना लावतात त्या पदार्थाचे) डाग दिसले तर तो आधीच कोणाच्या तरी टेबलावर झोपून आलाय. छोटा क्लास डी सेकंडहॅंड मी घेत नाही. बिघडला तर त्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

एका बाबतीत मात्र सगळा हिशोब बदलतो: गाडीसोबत कंपनीनेच बसवलेला ॲम्प. काही गाड्यांत डेककडून ॲम्पला आवाज साध्या तारेने जात नाही, डिजिटल बसवरून, म्हणजे आकड्यांच्या रूपात संदेश नेणाऱ्या तारेवरून, जातो. तिथे बाजारातला ॲम्प नुसता आणून जोडता येत नाही. मधे निराळा कन्व्हर्टर लागतो आणि स्टिअरिंगवरची बटणं, पार्किंग सेन्सरचा आवाज यांचंही पाहावं लागतं. म्हणून कंपनीचा ॲम्प बारीक पार्टांचा असला तरी आधी दुरुस्तीचा प्रयत्न करा. शोरूमचा नव्याचा भाव ऐकलात की मी असं का म्हणतोय ते कळेल.

कारागिराकडे पेटी देताना मी तिच्यावर चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावली होती: 'स्पीकर आणि आरसीए काढूनही फ्यूज उडतो. सप्लायच्या डाव्या फळीत शॉर्ट, आउटपुट मोजला, ठीक आहे. सब दोन ओहम ब्रिज होता, आता आठ केला.' त्याने चष्मा वर करून चिठ्ठी वाचली, पेटी बाजूच्या ढिगावर न ठेवता समोर ओढली आणि म्हणाला, "दोन ओहम ब्रिज? साहेब, हा दोन वर्षं चालला कसा?" मग आयर्न तापत ठेवला. संध्याकाळी पाच वाजता ये म्हणाला होता, साडेतीनलाच फोन आला.